३०-०६ च्या गोळ्या १५०, १६५, १८०, २२० ग्रेनच्याच का?

रॉकी_पायथा

नमस्कार मंडळी. कोलोरॅडोतून लिहितोय. बोल्ट ॲक्शन रायफल, ३०-०६, नळी २२ इंची, नळीतल्या आट्यांचा पीळ १० इंचांत एक फेरा. म्यूल डिअर आणि एल्क ही दोनच जनावरं डोळ्यांसमोर आहेत, पल्ला फार तर ३०० यार्ड. काडतुसं घरी भरायचं सामान जमलंय: प्रेस, डाय, तराजू, दोन भरणपुस्तिका. अडलंय ते गोळ्यांच्या वजनावर.

.३०८ इंच व्यासात (३०-०६ ची गोळी याच व्यासाची) सगळीकडे १५०, १६५, १८०, २२० हेच आकडे दिसतात. ७ मिमीला १४० आणि १७५, .२७० ला १३०, .३०३ ला १७४ आणि २१५. हे आकडे कुणी आणि कशावरून ठरवले? दुसरं, तांब्याच्या घन गोळीला पुस्तिकेत त्याच वजनासाठी दारूचं माप वेगळं का देतात? आणि एकाच वजनाच्या गोळ्या घ्यायच्या तर कुठल्या?

ठासणीवाला

इतिहासाचं मी सांगतो, भरण्याचं जाणकार सांगतीलच.

आधी माप. एका पौंडात ७००० ग्रेन, म्हणजे एक ग्रेन ०.०६४८ ग्रॅम. ठासणीच्या बंदुकीत गोल गोळी असायची तोवर वजन निवडायचा प्रश्नच नव्हता. १२ बोअर म्हणजे एका पौंड शिशाच्या ज्या बारा गोळ्या होतील त्यातली एक ज्या नळीत बसेल ती. म्हणजे ५८३ ग्रेन. ४ बोअरला पाव पौंड, १७५० ग्रेन. व्यास ठरला की वजन ठरलं. जास्त मार हवा तर मोठं तोंड घ्या, दुसरा उपाय नाही. मध्य प्रांतात शिकार केलेला लष्करी अधिकारी जेम्स फोर्सिथ १८६० च्या दशकातही गोल गोळीचीच बाजू घेत होता. तिच्यासाठी तो १४ बोअरला १०४ इंचांत एक फेरा इतका सैल पीळ सांगायचा. गोल गोळीला तेवढा पुरतो, आणि भरपूर दारू घातली तरी गोळी आटे सोडून घसरत नाही.

लांबट गोळी आली तेव्हा वजन हा व्यासापासून सुटा आकडा झाला. १८५३ ची एनफील्ड घ्या: .५७७ व्यास, ५३० ग्रेन, पीळ ७८ इंचांत एक. व्हिटवर्थने १८५७ च्या चाचण्यांत वजन तेच ५३० ठेवलं, पण व्यास .४५१ वर आणला. तेवढंच शिसं अरुंद नळीत घालायचं म्हणजे गोळी लांब झाली, आणि लांब गोळी न डगमगता जावी म्हणून पीळ २० इंचांत एक इतका घट्ट करावा लागला. लांब पल्ल्यावर एनफील्ड तिच्या जवळपासही राहिली नाही. पुढची सगळी कहाणी याच तीन गोष्टींची आहे: वजन, लांबी, पीळ.

काळ्या दारूने वेग वाढवायला मर्यादा होती. मार्टिनी-हेन्री या .४५० व्यासाच्या ब्रिटिश लष्करी रायफलीत ८५ ग्रेन दारू आणि ४८० ग्रेन गोळी, अमेरिकेच्या ४५-७० मध्ये ७० ग्रेन दारू आणि ४०५ ग्रेन गोळी, पुढे ५००. वेग १३०० फूट प्रति सेकंदाच्या आसपासच. वेग वाढत नाही म्हटल्यावर लांबवर मारा करायला गोळी जड करणं एवढंच हातात उरतं.

१८८२ च्या सुमारास स्वित्झर्लंडच्या रुबिनने शिशावर तांब्याचं आवरण चढवलं, १८८४ मध्ये फ्रान्समध्ये व्हिएयने धूररहित दारू बनवली, आणि १८८६ ची लेबेल ८ मिमी रायफल २३२ ग्रेनची गोळी घेऊन आली. दारू नवी, पण डोकं अजून जुनंच होतं: गोळी लांब, जड आणि बोथट. जर्मन ८ मिमी २२६, ब्रिटिश .३०३ ला २१५, अमेरिकन ३०-४० क्रॅगला २२०, ७×५७ माउझरला १७३, ६.५ मिमीच्या स्वीडिश आणि मानलिखरला १५६ ते १६०. सगळ्यांचं वजन-व्यास गुणोत्तर काढून बघा. ग्रेनमधल्या वजनाला ७००० ने भागा, मग व्यासाच्या वर्गाने भागा. .३०८ ची २२० येते ०.३३१, ६.५ मिमीची १६० येते ०.३२८, .३०३ ची २१५ येते ०.३१८. सगळे एकाच रांगेत बसलेले.

तुमच्या नळीचा १० इंची पीळ त्या २२० ग्रेनसाठीच आहे. क्रॅगकडून तो १९०३ च्या रायफलकडे आला आणि राहिला.

मग जर्मनांनी १९०५ च्या सुमारास टोकदार १५४ ग्रेनची गोळी काढली. १५४ का, तर ते १० ग्रॅम होतात. अमेरिकेने लगोलग १९०६ मध्ये काडतुसाची मान ०.०७ इंचाने आखूड करून १५० ग्रेनची टोकदार गोळी घातली, वेग २७००. तुमच्या ३०-०६ मधला ‘०६’ तो. ब्रिटिशांनी १९१० मध्ये मार्क ७ आणली, १७४ ग्रेन, २४४० फूट. पहिल्या महायुद्धात मशीनगनने लांबून मारा करताना कळलं की अमेरिकन १५० ग्रेन कागदावरच्या पल्ल्याच्या बऱ्याच अलीकडे पडते. म्हणून १९२६ मध्ये १७२ ग्रेनची होडीच्या बुडाची (मागे निमुळती) गोळी आली. ती इतकी लांब गेली की सरावाच्या मैदानांची सुरक्षित हद्द अपुरी पडली, आणि दुसऱ्या महायुद्धाआधी लष्कर पुन्हा १५० वर आलं.

शिकाऱ्यांकडे दोन टोकं आली ती अशी: जुनी २२० आणि लष्करी १५०. कारखान्यांनी मधला १८० धरला, आणि १६५ पुढे मुख्यतः घरी भरणाऱ्यांनी उचलून धरला.

दुनळी

वरच्या प्रतिसादाला पुस्ती, कारण यातले काही आकडे थेट हिंदुस्थानातून आलेत.

एक्सप्रेस रायफलींचा काळ आधी. १८५६ मध्ये लंडनचा बंदूकवाला पर्डी याने ‘एक्सप्रेस ट्रेन’ नाव दिलं, पुढे नुसतं एक्सप्रेस राहिलं. कल्पना उलटी होती: गोळी हलकी, पोकळ टोकाची, दारू भरपूर. .४५० एक्सप्रेसमध्ये १२० ग्रेन काळी दारू आणि २७० ते ३६५ ग्रेनची गोळी. हरणावर उत्तम. वाघ-गव्यावर तीच पोकळ गोळी खांद्याच्या हाडावर फुटून वरच्यावर जखम करायची. शिकारी-लेखक सॅम्युअल बेकरचा या पोकळ गोळ्यांवर राग होता, तो .५७७ मध्ये सुमारे ६५० ग्रेनची भरीव शुद्ध शिशाची गोळी वापरायला सांगायचा. हलकी-वेगवान की जड-संथ हा वाद तेव्हापासूनचा आहे.

१८९८ मध्ये रिग्बीचं .४५० नायट्रो एक्सप्रेस आलं: ७० ग्रेन कॉर्डाइट (धूररहित दारू), ४८० ग्रेन गोळी, २१५० फूट. हे ४८० मार्टिनी-हेन्रीचंच वजन. आणि त्याच व्यासामुळे ते अडचणीत आलं. वायव्य सरहद्दीवर मार्टिनी-हेन्री रायफली पोचलेल्या होत्या, त्यांना गोळ्या मिळू नयेत म्हणून १९०७ मध्ये सरकारने हिंदुस्थान आणि सुदानमध्ये .४५० बोअरवर बंदी घातली. लंडन-बर्मिंगहॅमच्या बंदूकवाल्यांची सगळ्यात मोठी गिऱ्हाइकं इथलीच, म्हणून दोन-तीन वर्षांत .४७०, .५००/४६५, .४७५, .४७६ अशी रांग लागली. ताकद सगळ्यांची जवळजवळ सारखी. वजनं ४८०, ५००, ५२०. या गोळ्यांच्या वजनात शास्त्र शोधू नका, ती कायद्याची पळवाट आहे.

.३०३ लष्करी म्हणून आपल्याकडे खासगी परवान्यावर मिळत नव्हती. त्या जागी .३१५ आली, म्हणजे जुनी ८×५० मानलिखर, मूळची गोळी २४४ ग्रेनची बोथट. इशापूरची रायफल आणि खडकीच्या कारखान्यातलं ‘८ मिमी केएफ’ काडतूस हे नाव जुन्या परवानाधारकांना माहीत असतं. (भारतातून वाचणाऱ्यांसाठी: १९७२ च्या कायद्यापासून शिकार बंद आहे आणि काडतूस भरायलाही शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो. इथलं बाकीचं भरणपुराण जिथे परवानगी आहे तिथलं समजा.)

दमदमचंही सांगून टाकतो, कारण त्याबद्दल नेहमी चुकीचं वाचायला मिळतं. कलकत्त्याजवळच्या दमदम कारखान्यात बर्टी-क्ले या कॅप्टनने .३०३ च्या टोकावरचं आवरण थोडं कमी करून शिसं उघडं ठेवलं. वजन २१५ च राहिलं, फरक फक्त बांधणीत. बुडाकडून आवरण आधीच उघडं असल्याने एक धोका होता: शिसं पुढून निघून जायचं आणि आवरण नळीत अडकायचं. पुढचा बार त्यावर बसला की नळी गेली. घरी कानस घेऊन लष्करी गोळीचं टोक घासणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं. १८९९ च्या हेग परिषदेत अशा गोळ्या युद्धात वापरायला बंदी आली, शिकारीला नाही.

दुनळीवाल्यांना वजन बदलायची मुभा जवळजवळ नसतेच. दोन्ही नळ्या एका ठरावीक वजनावर आणि वेगावर जुळवून सांधलेल्या असतात. गोळी संथ निघाली तर नळीत जास्त वेळ राहते, धक्क्याने नळी तेवढ्यात बाहेर सरकते आणि उजवी गोळी आणखी उजवीकडे, डावी डावीकडे जाते. गोळी फार वेगात निघाली तर दोन्ही एकमेकींना छेदून पलीकडे जातात. म्हणून .४७० मध्ये आजही ५०० ग्रेन आणि २१५० फूट गाठायचं, आणि २१५ वर जुळवलेल्या जुन्या .३०३ दुनळीत १७४ घालायची नाही.

पीळ_बघा

दोन्ही प्रतिसाद छान. फक्त एक गोष्ट ठासून सांगायला हवी: नळीला वजन कळत नाही, लांबी कळते.

वूलिचचा गणिताचा प्राध्यापक ग्रीनहिल याने १८७९ मध्ये दिलेलं सूत्र अजून कामाचं आहे. गोळीची लांबी व्यासाच्या किती पट ते काढा, त्याने १५० ला भागा. येईल तेवढ्या व्यासांत एक फेरा हवा. २२० ग्रेनची बोथट गोळी १.३५ इंच लांब धरली तर ती ४.३८ पट. १५० भागिले ४.३८ म्हणजे ३४.२ व्यास, गुणिले .३०८, उत्तर साडेदहा इंच. म्हणून १० इंची पीळ. १८० ची टोकदार सपाट बुडाची गोळी १.२ इंच धरा, उत्तर पावणेबारा-बाराच्या आसपास. म्हणून १२ इंची पिळाच्या .३०८ नळ्यासुद्धा १८० चालवतात.

हे दुर्लक्षिलं की काय होतं त्याचं उदाहरण १९५५ चं. रेमिंग्टनने .२४४ काढली, पीळ १२ इंची, गोळ्या ७५ आणि ९० ग्रेन. विंचेस्टरने .२४३ काढली, पीळ १० इंची, गोळ्या ८० आणि १००. काडतूस म्हणून .२४४ काकणभर मोठीच. पण हरणासाठी लोकांना १०० ग्रेन हवी होती आणि १२ इंची पिळात लांब १०० ग्रेनची खात्री नव्हती. .२४४ पडली. १९६३ मध्ये तेच काडतूस ९ इंची पीळ देऊन ६ मिमी रेमिंग्टन म्हणून परत आणलं, तोवर बाजार गेला होता.

तांब्याचं उत्तरही इथेच आहे. शिशाची घनता ११.३, तांब्याची ८.९. तेवढंच वजन हवं तर गोळी लांब होणार. १५० ग्रेनची घन तांब्याची गोळी साधारण १८० च्या शिशाच्या गोळीएवढी लांब भरते. लांब गोळी एक तर पीळ जास्त मागते, नाहीतर पुंगळीत (काडतुसाच्या पितळी नळकांड्यात) खोल जाऊन दारूची जागा खाते. शिवाय घन तांबं शिशाच्या गाभ्यासारखं दबत नाही, आट्यांत शिरायला जोर लागतो. म्हणून त्या गोळ्यांना घासण कमी करायला खाचा पाडतात, आणि म्हणूनच माप वेगळं.

रॉकी_पायथा

डोक्यात प्रकाश पडला. मग एल्कला १८० च लागते हा जुना नियम तांब्याला लागू होत नाही, बरोबर? आणि १५० वरून १८० वर जाताना दारू तीच ठेवून फक्त गोळी बदलली तर?

पुंगळी_जपा

दुसऱ्याचं आधी: नाही. कधीच नाही. गोळी जड झाली की ती हलायला वेळ घेते, तोवर दारू जळत राहते आणि दाब चढतो. ३०-०६ ची दाबाची कमाल मर्यादा ६०,००० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) आहे, आणि १५० ची कमाल मात्रा १८० मागे घातली तर ती ओलांडायला वेळ लागत नाही. वजन बदललं, बनावट बदलली, प्रायमर (बुडातली ठिणगी देणारी टोपी) बदलला, दारूचा नवा डबा फोडला, तरी त्या गोळीसाठी छापलेल्या सुरुवातीच्या मापावर परत यायचं. पुस्तिकेत फक्त कमाल दिली असेल तर त्याच्या १० टक्के खाली. तिथून अर्ध्या-अर्ध्या ग्रेनने वर.

थांबायचं कधी? बोल्ट उचलायला जड लागला, पुंगळीच्या बुडावर इजेक्टरचा (पुंगळी बाहेर फेकणाऱ्या भागाचा) चकचकीत ठसा उमटला, प्रायमरच्या कडा सपाट होऊन खळग्यात पसरल्या, की संपलं. पण ही लक्षणं उशिरा दिसतात. क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजणारं यंत्र) जास्त प्रामाणिक. पुस्तिकेतला कमाल वेग तुम्ही मात्रा कमी असतानाच गाठलात, तर दाबही तिथवर पोचलाय असं धरा आणि मागे या. वेग फुकट मिळत नाही.

दारू वजनाप्रमाणे निवडा. (हे आकडे दारूच्या प्रकारांची नावं) १५० मागे ४८९५ किंवा ४०६४ इतक्या वेगाने जळणारी, १६५-१८० मागे ४३५०, २२० मागे ४८३१. यात इतिहासही आहे: ४८९५ लष्कराच्या १५० ग्रेन काडतुसाची दारू, आणि ४८३१ युद्धानंतर हॉजडनने स्वस्तात विकलेली २० मिमी तोफेची उरलेली दारू. जड गोळीला परवडणारी संथ दारू घरोघरी पोचली ती तेव्हा.

गोळी बसवताना एकूण लांबी ३.३४० इंचांच्या आत, म्हणजे मॅगझिनमध्ये अडकणार नाही. शिशाच्या गोळीला आट्यांपासून ०.०२० इंच अंतर ठेवून सुरू करा. तांब्याच्या घन गोळीला ०.०५० इंच तरी मोकळे ठेवा. ती आट्यांना टेकवून बसवली तर दाब एकदम वर जातो आणि नेमही सहसा बिघडतो. तांब्याची गोळी लावण्याआधी नळीतला जुना तांब्याचा थर रसायनाने पूर्ण काढा, नाहीतर पहिले दहा-बारा बार विखुरतील आणि दोष बिचाऱ्या गोळीवर येईल.

एकच डबा घ्यायचा तर: शिशाची साधी गोळी असेल तर १८०, शिसं-तांबं जोडलेली किंवा मधे भिंत असलेली असेल तर १६५, घन तांब्याची असेल तर १५०. कारखान्याच्या आकड्यांत १५० चा वेग २९१०, १६५ चा २८००, १८० चा २७००. दोनशे यार्डांवर नेम लावला तर तीनशेला १५० आणि १८० मध्ये एक-दीड इंचाचाच फरक पडतो. त्यासाठी भांडण्यात अर्थ नाही.

ठासणीवाला

मधली भिंत कुठून आली तेही सांगतो. १९४६ मध्ये जॉन नॉस्लर ब्रिटिश कोलंबियात मूसच्या शिकारीला गेला होता. .३०० मॅग्नमच्या वेगवान गोळ्या चिखलाने माखलेल्या मूसच्या जाड कातडीवर वरच फुटल्या. त्याने पुढचा आणि मागचा शिशाचा गाभा वेगळा करून मधे तांब्याची भिंत ठेवली, पुढचा भाग फुलेल, मागचा आत जात राहील. १९४८ पासून विक्री. त्याआधी आत खोल शिरायचं तर वजन वाढवणं हा एकच मार्ग होता, २२० त्यासाठीच टिकून होती. एल्कसाठी मी तरी १८० ची भिंतवालीच घेईन, १६५ नाही. खांद्याच्या हाडावर तिरकी बसली तर ते १५ ग्रेन कामाला येतात.

पीळ_बघा

असहमत. १६५ भिंतवाली आरपार जाते, आणि गोळी जनावराबाहेर गेली की पुढच्या इंचांचा उपयोग माळरानाला. पण १८० ने नुकसान काही नाही, खांद्याला धक्का थोडा जास्त, इतकंच. कॅलिफोर्नियात शिकारीला जाणार असाल तर मात्र वाद मिटतो: १ जुलै २०१९ पासून तिथे शिकारीत शिशाला बंदी आहे, तांबंच न्यावं लागेल.

ओतीव_शिसं

साच्यात गोळ्या ओतणाऱ्यांसाठी एवढंच: साच्यावर लिहिलेलं वजन एका ठरावीक मिश्रधातूचं असतं, बहुधा ९० टक्के शिसं, ५ कथील, ५ अँटिमनी. शुद्ध शिसं ओतलंत तर जड उतरेल, छापखान्याच्या लिनोटाइपची धातू वापरली तर शुद्ध शिशापेक्षा आठ-नऊ टक्क्यांनी हलकी. ओतलेली प्रत्येक खेप तोला आणि खरं वजन डब्यावर लिहा. आणि ३०-३० सारखी नळीदार मॅगझिनची लिव्हर रायफल असेल तर वजन काहीही असो, टोक सपाटच हवं. टोकदार गोळी पुढच्या काडतुसाच्या प्रायमरवर टेकून राहते, धक्क्याने मॅगझिनमध्येच बार उडू शकतो.

पुंगळी_जपा

एक राहिलं. इलेक्ट्रॉनिक तराजूवर ग्रॅम आणि ग्रेन यांचं बटण एकच असतं. बॅटरी बदलली की काही तराजू परत ग्रॅमवर जातात. रोज सुरू करताना आधी तराजूबरोबर आलेलं तपासणीचं वजन ठेवा, मग एक गोळी ठेवा. १८० ग्रेनच्या गोळीला ११.६६ दिसलं तर दारूच्या डब्याला हात लावू नका, आधी बटण दाबा.